लेट मार्क कुणाच्या नावावर?

मुंबईच्या लोकलवर लिहिणाऱ्या बहुतेकांची नजर चर्चगेटकडे असते. सकाळी विरारहून उलट्या दिशेने, डहाणूकडे निघणाऱ्या गाड्यांतही पाय ठेवायला जागा नसते, हे त्या गाडीत कधी न चढलेल्यांना सांगूनही पटत नाही. वसई, नालासोपारा, विरार, सफाळे, केळवे इथून निघालेली ही माणसं पालघरला किंवा बोईसरला उतरतात. पालघरला उतरणाऱ्यांत सरकारी नोकर पुष्कळ. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला, २०२१ मध्ये कोळगावला जिल्हा मुख्यालय उभं राहिलं आणि कार्यालयांसोबत हजेरीची यंत्रंही आली. बोईसरला उतरणारे मुख्यतः तारापूर एमआयडीसीतले : रसायनं, औषधं, कापड, पोलाद. आणखी पश्चिमेला गेलं की १९६९ पासून चालू असलेलं तारापूरचं अणुवीज केंद्र. देशातलं ते पहिलं.

या पट्ट्यात उशिराबद्दल दोन ठाम मतं आहेत. एक कारखान्याच्या आतून येतं, दुसरं गाडीच्या डब्यातून. बोईसरच्या कुठल्याही कँटीनमध्ये घटकाभर बसलं तरी दोन्ही कानावर पडतात. इथे ती दोन माणसांच्या तोंडी घातली आहेत. एक आहे रासायनिक कारखान्यातला पाळीप्रमुख. ऑपरेटर म्हणून लागला, वर चढला, आता बोईसरलाच राहतो. दुसरी सफाळ्याहून रोज येणारी केमिस्ट, गुणवत्ता तपासणीच्या (क्यूसी) लॅबमध्ये, जनरल शिफ्टला. त्यांना नावं दिलेली नाहीत, कारण या दोन बाजू आहेत आणि दोन्हींकडे शेकडो माणसं उभी आहेत.

पाळीप्रमुखाचं पहिलं वाक्य ठरलेलं. "ताई, रिअ‍ॅक्टरला गाडीचं टाइमटेबल कळत नाही."

आणि हे तो नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही. रासायनिक कारखान्यात बॅच एकदा चढवली की मध्येच सोडून निघता येत नाही. तापमान, दाब, ढवळणी, थंड पाण्याचा प्रवाह, सगळ्याची नोंद ठराविक वेळाने लॉगबुकात करावी लागते. रात्रपाळीचा ऑपरेटर सात वाजता सुटतो, पण त्याच्या जागी येणारा दारात दिसेपर्यंत त्याला जागा सोडता येत नाही. "तुमच्या गाडीला चाळीस मिनिटं उशीर झाला, म्हणजे रात्रभर जागलेला एक माणूस आणखी चाळीस मिनिटं व्हॉल्व्हपाशी उभा राहिला. त्याला जादा कामाचे पैसे दुप्पट दराने द्यावे लागतात, ते कंपनी देते. पण त्याची झोप कोण भरून देणार? आणि त्या शेवटच्या चाळीस मिनिटांत त्याचा डोळा लागला तर?"

यावर केमिस्ट लगेच काही बोलत नाही. उशिराचा भार गाडीवरून उडी मारून थेट दुसऱ्या कामगाराच्या अंगावर पडतो, ही गोष्ट डब्यातल्या चर्चेत फारशी निघत नाही. ती निघायला हवी. पाळीप्रमुखाची बाजू सर्वांत भक्कम आहे ती इथे.

"ते मान्य आहे, सर," ती म्हणते. "पण मी गाडीच्या भरवशावर आहे ती काही हौसेने नाही. आणि ती लेट का होते ते तुम्हीही जाणता."

विरार ते डहाणू रोड हे ६४ किलोमीटर. मध्ये वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव अशी सात स्थानकं. चर्चगेट ते बोरिवली धीम्या आणि जलद लोकलला वेगळे रूळ मिळतात, तसं इथे नाही. एक जाण्याचा आणि एक येण्याचा, एवढ्याच दोन मार्गांवरून लोकल, मेमू, गुजरातकडच्या पॅसेंजर, राजधानी, शताब्दी, वंदे भारत आणि मालगाड्या धावतात. मागून लांब पल्ल्याची गाडी येत असेल, तर लोकल मधल्या एखाद्या स्थानकात बाजूच्या रुळावर घेतात. पंखे फिरत असतात, दारातली माणसं वाकून सिग्नलकडे बघतात, कोणीतरी घड्याळ बघून 'गेला लेट मार्क' म्हणतं. मग शेजारच्या रुळावरून वातानुकूलित डबे धडधडत निघून जातात. त्यानंतरही सिग्नल मिळायला आणखी थोडा वेळ जातो. ही काही बिघाड झाल्यावरची गोष्ट नाही, गाडी सुरळीत चालू असतानाची आहे.

हा मार्ग जुना आहे. मुंबई-सुरत मार्गावर १८६४ पासून गाड्या धावतात. लोकल मात्र फार उशिरा आली, आणि त्यामागे एक तांत्रिक कारण होतं जे आज अनेक पासधारकांनाही ठाऊक नसतं. विरारपर्यंतच्या उपनगरी मार्गावर १,५०० व्होल्टचा डीसी वीजप्रवाह होता आणि विरारच्या पुढे २५,००० व्होल्टचा एसी. त्यामुळे चर्चगेटची जुनी लोकल विरारच्या पुढे जाऊच शकत नव्हती. चर्चगेट-विरार मार्गाचं एसीत रूपांतर फेब्रुवारी २०१२ मध्ये पूर्ण झालं आणि १६ एप्रिल २०१३ रोजी लोकल डहाणू रोडपर्यंत गेली. लोकल आली, रूळ मात्र तेवढेच राहिले.

"मग आधीची गाडी पकडा," पाळीप्रमुख म्हणतो. त्याच्या मते हा एका वाक्यात संपणारा प्रश्न आहे. "गाडी लेट होते हे रोजचंच आहे ना? मग ते कारण राहत नाही, तो हिशोब होतो. हिशोब धरून घरातून निघा."

"आधीची गाडी दहा मिनिटं आधी नसते, सर. इथे दोन लोकलमध्ये कधी कधी तासभराचं अंतर असतं. बारा मिनिटांचा उशीर टाळायचा म्हणून मी रोज तासभर आधी निघायचं. तो तास पगारात धरणार का? आणि नळाला पाणी येतं ती वेळ तीच, मुलाला उठवायची वेळ तीच, डबे करायची वेळ तीच. मी लवकर निघाले तर ही कामं सासूबाईंच्या अंगावर पडतात. तुम्ही म्हणालात ना, उशिराचा भार दुसऱ्यावर पडतो? लवकर निघण्याचा भारही पडतो. फक्त तो घरात पडतो, त्याची नोंद कुठल्या लॉगबुकात होत नाही."

पाळीप्रमुखाकडे यावर उत्तर नाही असं नाही. वाणगावची पोरं मोटारसायकलने येतात, मनोरकडची जीपने येतात, विक्रमगडकडून एसटीने येणारेही आहेत, त्यांनाही घरं आहेत, असं तो म्हणतो. मोटारसायकलच्या बाबतीत मात्र त्याने थांबून विचार करायला हवा. रात्रपाळी करून, टँकर आणि ट्रेलरांच्या रांगांतून, पावसाळ्यात खड्डे चुकवत घरी जाणारा कामगार वेळेवर पोहोचतो हे खरं, पण तो रोज जी जोखीम घेतो ती वक्तशीरपणाच्या खात्यात जमा करणं बरोबर नाही. एसटीचं म्हणाल, तर १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास मिळू लागला आणि त्याचा इथल्या बायकांना खरोखर आधार झाला. पण एसटीवरच सगळी भिस्त ठेवणाऱ्यांनी २०२१-२२ चा संपही पाहिला आहे. कित्येक महिने आगारात गाड्या उभ्या होत्या आणि गावाकडून येणाऱ्यांच्या हजेरीचं काय झालं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

वसई-विरारकडच्यांना तर रस्त्याचा पर्यायही धड नाही. मध्ये वैतरणेची खाडी आडवी येते. रेल्वे ती पुलावरून ओलांडते, रस्त्याने मात्र महामार्गावर जाऊन मनोरमार्गे मोठा वळसा घ्यावा लागतो. २०२५ मध्ये विरारजवळच्या मारंबळपाड्याहून पालघर तालुक्यातल्या जलसारपर्यंत रो-रो सेवा सुरू झाली, तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांना हायसं वाटलं. तरी पाळीला जाणाऱ्या हजारोंना ती पुरणारी नाही. गाडी नसेल तर काहीच नाही, ही या पट्ट्यातली वस्तुस्थिती आहे.

हे ठळकपणे दिसतं ते मोठ्या घोळाच्या दिवशी. १० जुलै २०१८ च्या पावसात वसई-नालासोपारा भागात रुळांवर पाणी आलं आणि लोकल थांबल्या. २८ मे २०२४ च्या संध्याकाळी पालघर स्थानकात पोलादाची भेंडोळी नेणाऱ्या मालगाडीचे डबे घसरले आणि दुसऱ्या दिवशीही गाड्या रद्द होत राहिल्या.

"त्या दिवशी आम्ही कुणालाही लेट मार्क दिला नाही," पाळीप्रमुख सांगतो. "माणुसकी आहे आम्हाला."

"आहे, सर. त्या दिवशीचं टीव्हीवर दिसलं होतं. रोजची बारा मिनिटं टीव्हीवर दिसत नाहीत. मोठ्या उशिराला माफी आणि लहान उशिराला दंड, असं होतं ते. मोठा उशीर वर्षातून एखादा, लहान रोजचा. आमचे पैसे जातात ते लहान उशिरात."

आता बोलणं नेमक्या दुखण्यावर येतं. अनेक ठिकाणी रिवाज असा, की ठराविक मिनिटांची सूट, त्यानंतर लेट मार्क आणि महिन्यात तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कापायचा. ठेकेदाराच्या माणसांची गत याहून वाईट. दिवसाच्या हजेरीवर काम करणारा फाटक बंद झाल्यावर आला तर त्याला आतच घेत नाहीत. पास काढून, दोन वाहनं बदलून आलेला माणूस हजेरीविना परत बोईसर स्टेशनवर जाऊन बसतो.

कायदा याबाबत जुनाच आहे आणि स्पष्ट आहे. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाच्या नवव्या कलमात गैरहजेरीबद्दल पगार कापायची परवानगी होती, पण माणूस जेवढा वेळ गैरहजर होता त्या प्रमाणातच. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही हे तत्त्व कायम आहे. म्हणजे आठ तासांच्या पाळीत अर्धा तास उशीर झाला, तर दिवसाच्या पगाराचा सोळावा भाग कापता येतो. अर्धा दिवस कापला, तर तो त्याच्या आठपट झाला.

पाळीप्रमुखाला हे माहीत आहे. तो सावधपणे म्हणतो, "पगार नाही कापत आम्ही. रजा कापतो."

"आणि ती रजा काय कंपनीने बक्षीस दिलेली असते? कायद्याप्रमाणे वीस दिवस काम केल्यावर एक दिवस पगारी रजा मिळते. ती मी कमावलेली आहे. वर्षाच्या शेवटी मुलगा तापाने फणफणला तेव्हा खात्यात रजाच नव्हती. राजधानीला वाट करून देण्यात गेली ती."

पाळीप्रमुख थोडा वेळ गप्प राहतो आणि मग वेगळ्याच अंगाने बोलतो. त्याचं हे बोलणं दुर्लक्ष करण्याजोगं नाही. "ताई, तुम्ही खऱ्या आहात. पण गाडी लेट होती असं सांगणारे दहा जण येतात, त्यातले दोन जण स्टेशनबाहेर चहा पीत उभे होते. मी कसं ओळखायचं? रोज प्रत्येकाची उलटतपासणी घेत बसू की पाळी सांभाळू? नियम आंधळा असतो म्हणून तर तो सगळ्यांना सारखा लागतो."

या अडचणीवर जपानने फार पूर्वीच तोड काढली आहे. तिथे गाडीला उशीर झाला की रेल्वे प्रवाशांना उशिराचा दाखला देते. पूर्वी स्थानकावर हातात चिठ्ठी मिळे, आता तो संकेतस्थळावरूनही घेता येतो. कामावर किंवा शाळेत तो दाखवायचा, विषय संपला. जर्मनीत उलट परंपरा आहे : कामावर पोहोचण्याची जोखीम कामगाराची, गाडी बंद पडली तरी त्या वेळेचा पगार मागता येत नाही. पण तिथेही न केलेल्या कामाचा पगार जातो, तेवढाच. बारा मिनिटांसाठी चार तास कापणं कामगाराच्या बाबतीत कडक असलेल्या त्या परंपरेतही बसत नाही.

आपल्याकडे तर चिठ्ठीचीही गरज नाही. कुठली गाडी कुठल्या स्थानकात किती वाजता आली याची नोंद रेल्वेकडे असतेच. बोईसरला आणि पालघरला दर सकाळी त्या दिवशीच्या लोकलच्या प्रत्यक्ष वेळा फलकावर लावल्या किंवा जाहीर केल्या, तर पाळीप्रमुखाला कुणाची उलटतपासणी घ्यावी लागणार नाही. चहा पिणारे दोघे आपोआप वेगळे पडतील. इतकं साधं काम आहे हे, आणि ते मागितलं पाहिजे कंपन्यांनी. प्रवासी संघटना वर्षानुवर्षं निवेदनं देत आल्या आहेत. उद्योजकांच्या संघटनेचं पत्र गेलं तर त्याचं वजन वेगळं पडेल.

"ते रेल्वेचं झालं," केमिस्ट म्हणते. "आता तुमच्या हातातलं सांगते. बोईसरला गाडी लागली की काय होतं ते एकदा बघायला या."

काय होतं, तर एका गाडीतून उतरलेली सगळी गर्दी एकाच वेळी जिन्याला भिडते. पुलावर माणसांची हालचाल पावलापावलाने होते. पश्चिमेला उतरलं की शेअर रिक्षांची रांग. पहिल्या रिक्षा भरून निघतात, मागच्या भरेपर्यंत थांबतात, कारण रिक्षावाल्यालाही एका फेरीत भागवायचं असतं. मग तारापूर रस्त्यावर टँकर, कंपन्यांच्या बस, शाळेच्या व्हॅन, सगळं एकात एक. गाडी आठ मिनिटं उशिरा आली की कारखान्याच्या फाटकापर्यंत त्याची वीस मिनिटं होतात, कारण या प्रवासातला प्रत्येक टप्पा मागचा उशीर वाढवत नेतो. आणि या सगळ्यात कंपनीची स्वतःची बस कुठे असते? ती ठरलेल्या मिनिटाला निघून गेलेली असते, निम्मी रिकामी. बसच्या चालकाला सांगितलेलं असतं, वेळेवर निघायचं. गाडी फलाटावर शिरताना त्याला दिसते, तरी तो निघतो, कारण थांबला तर त्याला लेट मार्क.

"हे मात्र चुकीचं आहे," पाळीप्रमुख कबूल करतो. "बस माणसांसाठी आहे, घड्याळासाठी नाही. गाडी आल्यावर पाच मिनिटांनी सोड, एवढंच सांगायला हवं त्याला."

एवढ्याने रात्रपाळीच्या माणसाचा प्रश्न सुटत नाही. तिथे केमिस्टला आपली बाजू थोडी सोडावी लागते. लॅबमध्ये ती अर्धा तास उशिरा आली तर अर्धा तास उशिरापर्यंत थांबून काम भरून काढू शकते, नमुने तपासून होतात. जनरल शिफ्टच्या बहुतेक कामांत अशी लवचीकता शक्य आहे. पाळी हाती घेणाऱ्याला ती सूट देता येत नाही. तिथे पाळीप्रमुखाचंच बरोबर, पण मग त्याच्या मागणीची किंमतही कंपनीने मोजली पाहिजे : पाळीच्या मोक्याच्या जागांवर शक्यतो बोईसर, पास्थळ, सालवड भागात राहणारी माणसं नेमावीत, बाहेरून येणाऱ्यांसाठी आधीच्या लोकलला धरून बस ठेवावी, आणि तो माणूस पाळीच्या आधी तासभर आत येऊन बसणार असेल तर त्याला बसायला जागा आणि चहा तरी असावा. वेळेची शिस्त कामगाराकडून फुकट घ्यायची आणि तिला नियम म्हणायचं, हे फार दिवस चालत आलं आहे.

कामाच्या वेळा थोड्या पुढेमागे करणं ही काही अद्भुत कल्पना नाही. गर्दी विखुरण्यासाठी मध्य रेल्वेने २०२३ मध्ये मुंबईतल्या शेकडो कार्यालयांना वेळा बदलण्याची विनंती करणारी पत्रं पाठवली होती. तारापूरमध्ये तर एकाच एमआयडीसीत शेकडो कारखाने आहेत आणि सकाळच्या पाळ्या जवळपास एकाच वेळी सुरू होतात. जनरल शिफ्ट काही कारखान्यांत नऊला आणि काही ठिकाणी साडेनऊला ठेवली, तरी बोईसरच्या जिन्यावरचा आणि रिक्षांच्या रांगेतला ताण हलका होईल.

राहिला रुळांचा प्रश्न. विरार-डहाणू चौपदरीकरण मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात (एमयूटीपी-३) डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झालं. तेव्हा जी मुलं पहिलीत होती ती दहावीपर्यंत पोहोचली, आणि लोकल अजून बाजूच्या रुळावर थांबतेच. मालगाड्यांसाठीचा जेएनपीटी-दादरी हा सुमारे १,५०० किलोमीटरचा स्वतंत्र मार्ग याच जिल्ह्यातून जातो, पण त्याचा वैतरणा ते जेएनपीटी हाच टप्पा सगळ्यात मागे पडला. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला बोईसरला थांबा असणार आहे. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, म्हणजे या पट्ट्यात आणखी माणसं कामाला येणार. जिल्ह्याच्या डोक्यावरून आणि शेतांतून इतके मार्ग नेले जात असताना, रोज कामावर जाणाऱ्यांचे दोन जादा रूळ सर्वांत आधी पूर्ण व्हायला हवे होते. तसं झालं नाही, आणि हा प्राधान्यक्रम चुकलेला आहे.

"रूळ होतील तेव्हा होतील," पाळीप्रमुख म्हणतो. "तोवर?"

"तोवर बस थांबवा, सर. आणि बारा मिनिटांची बारा मिनिटंच कापा."

तारापूर एमआयडीसीत किंवा पालघरच्या कुठल्याही कार्यालयात नोकरी करणाऱ्या वाचकांनी या महिन्याची पगारपावती एकदा नीट पाहावी. उशिराबद्दल किती कापलं आहे आणि प्रत्यक्ष उशीर किती मिनिटांचा होता, ते दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत. आकडे जुळत नसतील तर एकट्याने न जाता, त्याच गाडीने येणाऱ्या चार जणांना सोबत घेऊन, लेखी विचारणा करावी. आणि ज्यांच्या हाती कारखाना किंवा कार्यालय आहे, त्यांनी एका सकाळी विरारहून निघणाऱ्या डहाणू लोकलने बोईसरला यावं, तिथून शेअर रिक्षाने आपल्याच फाटकापर्यंत जावं आणि मग लेट मार्कचा नियम पुन्हा वाचायला घ्यावा.